पाठीमागचं गाणं

सुलोचनाबाई वर्गात दोनदा हजेरी घेत. पहिली आमची, कॉलेजच्या लांबट रजिस्टरमधली. ती आटोपली की रजिस्टर मिटून त्या हातातलं पुस्तक उघडत आणि दुसरी हजेरी सुरू होई. "पंखा ओढणारा?" त्या इंग्रजीत पुकारत. आम्ही पानं उलटू लागायचो. कोणीतरी म्हणायचं, "हजर, मॅडम. पान बावीस." "नाव?" "नाव नाही, मॅडम." "आया?" "हजर. पान तीस, एकतीस, पुन्हा चाळीस." "नाव?" "नाही, मॅडम." मग मेमसाहेबांच्या कुत्र्याची पाळी यायची आणि अख्खा वर्ग एका सुरात त्याचं नाव सांगायचा, कारण ते जवळजवळ पानापानावर होतं. बाई हसत नसत. फळ्यावर कुत्र्याचं नाव लिहीत, शेजारी एक मोठं शून्य काढत, हाताचा खडू झटकत आणि म्हणत, "आता शिकायला सुरुवात करू."

ते पुस्तक म्हणजे एका इंग्रज मळेवाल्याच्या बायकोच्या आठवणी होत्या. कर्नाटकातल्या मलेनाडच्या डोंगरात त्यांचा कॉफीचा मळा होता. पुस्तक आता कुठे मिळत नाही. बाईंनी जुन्या बाजारातून एक प्रत पैदा केली होती आणि तिच्या झेरॉक्स प्रती काढून आमच्यात वाटल्या होत्या.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. वडिलांची पुण्याहून बंगळुराला बदली झाली, आम्ही जयनगरात भाड्याने राहायला लागलो आणि मी तिथल्याच एका कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए.ला बसले. वसाहतवाद आणि साहित्य असा एक पेपर त्या वर्षी नव्याने आला होता. विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक त्याला 'तक्रारींचा पेपर' म्हणत. कोणालाच तो नको होता, म्हणून तो बाईंकडे गेला.

वेळापत्रकावर त्यांचं नाव 'एन. सुलोचना बाई' असं होतं. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, तेव्हा मला वाटलं, कारकुनाने आदराने लिहिलं असेल. पण बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत मुलींच्या नावाला 'बाई' जन्मापासूनच जोडलेलं असतं. दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडे. त्यांचे पूर्वज शिंपी. पणजोबा छावणीतल्या साहेबांचे कोट शिवायचे, वडिलांचं लष्कर भागात छोटंसं दुकान होतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजयीबरोबर त्या राहत. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगावर सुती साडी, खांद्याला स्वतः शिवलेली कापडी पिशवी. कॉलेजात त्या इंग्रजी बोलत, शिपायांशी कन्नड. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्यांदा त्या माझ्याशी मराठी बोलल्या, तेव्हा मला हसू आवरलं नाही.

"आज सकाळी मी पेपर वाचली," त्या म्हणाल्या होत्या, "त्यात तुमच्या पुण्याचं काहीतरी होतं की."

मी बावीस वर्षांची होते आणि पुण्याची होते. मी म्हटलं, "बाई, 'पेपर वाचली' नाही. 'पेपर वाचला'."

"का?"

"पेपर पुल्लिंगी आहे ना. क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं."

बाईंनी स्वल्प विचार केला. ('स्वल्प' हा त्यांचाच शब्द. थोडं, जरासं या अर्थाने बंगळुरात तो सगळे वापरतात, आणि मलाही तो नकळत लागला.) मग म्हणाल्या, "वाचणारी मी. डोळे माझे फुटणार. आणि क्रियापद पळायचं त्या पेपरच्या मागं? आमच्या घरात क्रियापद काम करणाऱ्याच्या बाजूला उभं राहतं. तुमच्या व्याकरणात असू दे तसं. माझं राहू दे असं."

त्या रागावल्या नव्हत्या. शर्टाचं माप सांगावं तशा सुरात त्यांनी ते सांगितलं. पण त्यानंतर मी त्यांचं मराठी दुरुस्त केलं नाही. घरी आईला मात्र त्यांच्या नकला करून दाखवत असे, हेही सांगायला हवं.

शिकवताना त्या मोठमोठे शब्द टाळत. पेपरच्या वाचनयादीत ते भरपूर होते. बाई ते फळ्यावर लिहीत आणि लगेच त्यांचं अस्तर उलटून दाखवत. "सत्ता म्हणजे कोण ओरडतो ते नाही," त्या म्हणत, "कुणाला ओरडायची गरजच पडत नाही, ते बघा." एकदा एका मुलाने त्या मेमसाहेबांच्या पुस्तकाला टाकाऊ म्हटलं. बाईंनी त्याला उभं केलं. "टाकाऊ कसं? पावसाचं वर्णन परत वाच. इतकं चांगलं मला आयुष्यात लिहिता येणार नाही. वाईट लिहिलं असतं तर कोण फसलं असतं?" आणि त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं, ते मला त्या मराठीतच सांगत, कारण त्यांच्या मते ते इंग्रजीत नीट बसत नसे: "वाचताना आपण कुठं बसलोय ते आधी बघायचं ग. खुर्चीत बसून वाचलं की सगळी गोष्ट खुर्चीचीच होते."

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रत्येकी एक छोटा प्रबंध लिहायचा होता. आमच्या वर्गात मंजुळा नावाची मुलगी होती. हासनच्या पलीकडच्या एका गावातली, बी.ए.पर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली. इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती एक एक शब्द पारखून ठेवायची आणि तेवढ्यात चर्चा पुढे गेलेली असायची. एका दुपारी ती बाईंच्या खोलीत आली. मी तिथेच वह्या लावत बसले होते. ती कन्नडात म्हणाली, "मॅडम, आपण शिकतो ते डोंगर माझ्या आजीने पाहिलेत. लहानपणी ती त्याच मळ्यावर कामाला होती. मळ्यावरच्या बायका दोरसानीवर गाणं म्हणायच्या."

दोरसानी म्हणजे गोऱ्या साहेबाची बायको. बाईंच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघी यशवंतपूरहून सकाळच्या गाडीने अरसीकेरेला आणि तिथून बसने मंजुळाच्या गावी गेलो. आजीचं नाव सिद्दम्मा. सत्तरी उलटलेली, कानात जड कुड्या, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढुरका ठिपका. आधी तिने आम्हाला जेवायला बसवलं. नाचणीचा गरम मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि पालेभाजीचं सार. मला मुद्दा न चावता गिळता येईना. सिद्दम्मा हसली आणि मंजुळाला गावच्या कन्नडात काहीतरी म्हणाली. बाईंनी सांगितलं, "पुण्याच्या पोरीला गिळायला शिकवलं नाही म्हणून विचारतेय."

जेवणानंतर बाईंनी टेपरेकॉर्डर काढला. सिद्दम्माने गाणं म्हटलं, मध्येच थांबली, हसली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शेवटच्या ओळीला तोंडावर पदर घेऊन हसल्या. गाण्यात मेमसाहेब होती, तिचा कुत्रा होता, पावसाळ्यातली तिची चाल होती. पण तिचं नाव नव्हतं. बायकांनी तिला एक टोपणनाव ठेवलं होतं, तेवढंच. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसून स्वतःशीच म्हणाल्या, "तिच्या पुस्तकात ह्यांना नाव नाही. ह्यांच्या गाण्यात तिला नाव नाही. बघ ग, सरी झालं की हिशेब." ('सरी' म्हणजे कन्नडात बरोबर, ठीक.) त्यांना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

त्या गाण्यावर बाईंनी निबंध लिहिला. दोन महिन्यांनी बंगळुरात एक परिसंवाद होणार होता, परदेशातून काही अभ्यासक येणार होते. त्यांच्यापैकी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने निबंधाचा सारांश आधीच वाचून पत्र पाठवलं होतं. त्यांच्याकडे एका वर्षाची अभ्यासवृत्ती होती. पूर्ण निबंध ऐकल्यावर बोलू, असं त्यांनी लिहिलं होतं. सुलोचनाबाईंनी तोवर बंगळुराबाहेर फारसं काही पाहिलं नव्हतं. विभागात दोनदा बढतीच्या वेळी त्यांना डावललं होतं. पत्र त्यांनी मला दाखवलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

निबंध कॉम्प्युटरवर टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. पानांची मर्यादा होती आणि निबंध अर्धं पान जास्त होत होता. मी बाईंना एक तळटीप दाखवली. तीत सिद्दम्माचं नाव, तिचं गाव, ती कुठल्या वर्षांत मळ्यावर होती आणि मंजुळाने काय काय मदत केली, असं सगळं होतं. मी म्हटलं, "बाई, ही काढली तर बसतंय. वर 'एक वृद्ध मळामजूर स्त्री' असं आहेच. बाहेरचे लोकही असंच लिहितात. माहिती देणाऱ्याचं नाव कोणी देत नाही."

बाईंनी पेन्सिल टेबलावर टेकवली. "स्वल्प थांब," म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहिलं. सहाला ते कॉम्प्युटरचं दुकान बंद व्हायचं. "सरी. काढ."

परिसंवादाला सभागृह भरलं होतं. बाईंनी छान वाचलं. गाण्याचा इंग्रजी अनुवाद आला तेव्हा लोक हसले, योग्य ठिकाणी हसले. टाळ्या झाल्या. प्रश्नांची वेळ आली. एकदोन लांबलचक प्रश्न झाले आणि मागच्या रांगेत मंजुळा उभी राहिली. तिने इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली आणि कन्नडात बोलू लागली.

"मॅडम, त्या म्हाताऱ्या बाईला नाव आहे का? तुम्ही तिच्या घरी जेवलात. मला वाटलं, आज तिचं नाव ऐकायला मिळेल. मी घरी पत्र लिहून ठेवलंय तसं."

सभागृहात निम्म्या लोकांना कन्नड कळत नव्हतं. अध्यक्ष घाईघाईने पुढचा हात शोधू लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. आधी त्यांनी मंजुळाचा प्रश्न इंग्रजीत करून पाहुण्यांना सांगितला. एक शब्द गाळला नाही. 'तुम्ही तिच्या घरी जेवलात' हेसुद्धा सांगितलं. मग म्हणाल्या, "तिचं नाव सिद्दम्मा. ते मला माहीत होतं, कच्च्या मसुद्यात होतं. जागा कमी पडली तेव्हा मी ते काढलं. मी गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांत हीच गोष्ट शोधत आलेय. प्रश्न बरोबर आहे." आणि कागद गोळा करून खाली येऊन बसल्या.

जयनगरला परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. मी म्हटलं, "बाई, नाव काढायचं मी सुचवलं होतं. तुम्ही ते सांगितलं का नाही?"

"तू सांगितलीस. काढली कोण?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "गप बस आता."

यानंतर बाई मोठ्या मनाने वागल्या असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या मंजुळावर चिडल्या होत्या. तीन आठवडे त्यांनी तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाळलं. तिच्या प्रबंधाची प्रकरणं माझ्या हातून परत पाठवत. एकदा माझ्यासमोर त्या फटकन म्हणाल्या, "खोलीत येऊन विचारली असती तर काय झालं असतं तिला? चार लोकांत कशाला?" आणि म्हणता म्हणताच थांबल्या. बराच वेळ त्या आपल्या कापडी पिशवीच्या सुटलेल्या धावदोऱ्याशी चाळा करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंजुळाला बोलावून घेतलं. दार बंद होतं, आत काय झालं ते मला कळलं नाही. मंजुळा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात पुढच्या शनिवारची तीन तिकिटं होती.

इंग्लंडच्या पाहुण्यांचा निरोप दरम्यान येऊन पडला होता. त्यांना तो प्रसंग फारच प्रामाणिक वाटला होता. निबंधात नाव घाला, त्या प्रश्नाबद्दलही दोन परिच्छेद लिहा, निबंध आणखी भारदस्त होईल. पुस्तकात घेऊ, आणि अभ्यासवृत्तीचंही जवळजवळ ठरलंच समजा, असं त्यांनी कळवलं होतं. बाईंचं म्हणणं पडलं, की आधी सिद्दम्माला विचारायला हवं.

पुन्हा तीच गाडी, तीच बस. सिद्दम्मा अंगणात शेंगा सोलत बसली होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: निबंध, सभा, गाळलेलं नाव. मग विचारलं, "आता तुमच्या नावानिशी हे पुस्तकात छापायचंय. इंग्लंडात. छापू का?"

सिद्दम्माने विचारलं, "तिकडे कोण वाचणार?"

"शिकलेले लोक. दोरसानीच्या देशातले."

सिद्दम्मा शेंगा सोलत राहिली. मग ती म्हणाली ते मला बाईंनी तिथेच मराठीत सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं: "ते गाणं आम्ही तिच्या पाठीमागं म्हणायचो. तोंडावर म्हटलं असतं तर मेस्त्रीने, मळ्यावरच्या मुकादमाने, फोडून काढलं असतं. तू घरी आलीस, माझ्या हातचं जेवलीस, म्हणून तुला म्हणून दाखवलं. आता ते तिच्याच लोकांपुढं नेऊन ठेवणार. मग पाठ कुठं राहिली? नको. नाव घालून नको, नाव काढून नको."

मंजुळा मध्ये पडली. आजीला समजावू लागली, की मॅडमना परदेशी जायला मिळेल, तुझंही नाव होईल. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढली आणि सिद्दम्माच्या सुपात, शेंगांच्या शेजारी ठेवली. सिद्दम्माच्या घरी ती वाजवायला काही नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

परतीच्या आगगाडीत तिपटूर मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "गप्प असतात त्यांना बोलायला जागा द्या म्हणून मी इतकी वर्षं शिकवली. ही बाई बोलली, आणि काय बोलली? आमचं आम्हाला राहू द्या म्हणून. हे माझ्या कुठल्याच नोट्समध्ये नाही ग."

इंग्लंडला त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं. निबंध मागे घेत असल्याचं कळवलं, कारणही कळवलं. तिकडून एक सभ्य उत्तर आलं आणि मग काही आलं नाही. त्या वर्षीची अभ्यासवृत्ती आमच्याच विभागातल्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाली. त्यांनी जायच्या आधी नवा कोट घेतला, त्याच्या बाह्या लांब होत होत्या. बाईंनी तो घरी नेला, बाह्या उसवून आखूड केल्या, इस्त्री करून आणून दिला. "थंडीत हात मोकळे पाहिजेत लिहायला," एवढंच म्हणाल्या. माझी आई हे ऐकून म्हणाली, "वेडी आहे तुमची बाई." मला वाटतं, बाईंना वाईट वाटलंच होतं. त्या वर्षी त्यांचे केस एकदम पिकले.

मंजुळाने नंतर आजीच्याच परवानगीने पेरणीची आणि लग्नाची गाणी गोळा केली, त्यांवर प्रबंध लिहिला. आता ती हासनच्या बाजूला एका पदवी कॉलेजात शिकवते. मी लग्नानंतर नाशिकला आले. सुलोचनाबाई निवृत्तीला दोन वर्षं असताना गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मंजुळाने फोन करून सांगितलं. तिला रडू येत नव्हतं, मलाही नाही. आम्ही दोघी बराच वेळ त्यांच्याबद्दल बोललो, ती कन्नडात, मी मोडक्या कन्नडात आणि इंग्रजीत. सिद्दम्मा त्याआधीच वारली होती.

बाईंचा विचार मनात आला की मला एक तास आठवतो. सिद्दम्माने नकार दिला त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी तेव्हा एम.फिल.ला होते आणि त्यांच्या वर्गात मागे बसत असे. मळेवाल्याच्या बायकोचं तेच पुस्तक चालू होतं. एक हुशार मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, मळ्यावरच्या बायकांना हिच्याबद्दल काय वाटत असेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही, नाही का?" तिच्या बोलण्याचा रोख असा होता, की बाईंनी होकार द्यावा आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घ्यावं.

"मला कळलंय," बाई म्हणाल्या.

वर्ग एकदम सावध झाला. वह्यांची पानं उलटली गेली, पेनांची टोपणं निघाली. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. आपल्याकडे काय आहे हे त्यांना माहीत होतं. त्या वर्गातच काय, त्या विषयात काम करणाऱ्या फारशा कुणाकडे ते नसेल. त्यांनी मला मागे बसलेलं पाहिलं. मग पुन्हा त्या मुलीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "पण ते त्यांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही. पेनं खाली ठेवा."